चुलीवरच्या भाकरीचा हट्ट

मंडळी, घरात गॅस असताना आज सकाळी मीच बायकोला म्हणालो, "चुलीवरची भाकरी कर की." शाळेतल्या कवितांमधला कौलांवर तरंगणारा धूर मला अजून गोड वाटतो. हिला दमा आहे, हे तेवढं विसरलो.

तिसऱ्या भाकरीला हिला धाप लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मेढ्याच्या दवाखान्यात वाफ दिली, तेव्हा कुठं श्वास जागेवर आला.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, धुरानं श्वासनळ्या सुजून आकसतात. आत गेलेली हवा बाहेर पडत नाही. चूल कुणी पेटवायला लावली?"

मास्क बाजूला करून हीच म्हणाली, "आवं, भाकरी खाल्ली का न्हाई?"

बुट्टीत भाकरी अजून तशीच आहे. सांगा, कशी खाऊ?