मधलं अर्धं मिनिट

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेला नव्हता. शिकायलाही बेताचाच गेला होता. बांधकामावर क्रेनला खालून हातांनी इशारे द्यायचे, हे त्याचं काम. वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला भिंतीपलीकडचं दिसत नाही, तो फक्त खालच्या माणसाचे हात बघतो. मास्तर उभा राहायचाच असा ऐटीत की जणू बँड वाजवून घेतोय. म्हणून कुणीतरी मास्तर म्हटलं आणि ते चिकटलं. बावीस वर्षं त्याच्या इशाऱ्यावर टनावारी माल वर गेला, खाली आला, कुणाला साधं खरचटलं नाही. त्याची त्याला जरा घमेंडही होती. असायचीच की, एवढी वर्षं निभावलेल्या माणसाला.

मग एका सकाळी त्याच्या इशाऱ्यावर खाली आलेल्या काँक्रीटच्या स्लॅबखाली त्याचा मेहुणा गेला. बायकोचा पाठचा भाऊ, सत्तावीस वर्षांचा. स्लॅबला पट्टे बांधायच्या-सोडायच्या कामावर मास्तरनेच शब्द टाकून त्याला लावलं होतं.

चौकशी झाली. "मला काही दिसलं नाही," मास्तर म्हणाला, आणि कागद मिटले. घरी बायकोला म्हणाला, "त्याची पाठ होती माझ्याकडे. त्याला कळलंच नाही." ती बिचारी त्या एका वाक्याला धरून उभी राहिली. भेटायला येईल त्याला तेच सांगायची. आणि वर नवऱ्यालाच जपायची. ताट पुढे ठेवताना म्हणायची, "निदान तुम्ही तिथं होतात. घरचं माणूस जवळ होतं त्याच्या." मास्तर अर्धं ताट तसंच सारायचा. हिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

चौकातल्या पोलिसाने हात आडवा केला की तो तोंड फिरवून मागे वळायचा. एकदा तर तो भर रस्त्यात खालीच बसला. तेव्हा कंपनीने चिठ्ठी देऊन त्याला मोठ्या दवाखान्यात धाडलं. भरती व्हायचं नाही, दर मंगळवारी चार वाजता जायचं, पन्नास मिनिटं एका बाईंशी बोलायचं आणि घरी यायचं. मास्तर म्हणाला, "बोलून का कुणाचं दुखणं जातं?" पण गेला.

पहिल्या मजल्यावरची खोली. दोन खुर्च्या, एकमेकींकडे जराशा वळवून ठेवलेल्या. फळीवर घड्याळ, शेजारी कागदी रुमालांचा खोका, खिडकीखाली रुग्णवाहिका लावायची जागा. समुपदेशक बाई त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असतील. पहिले दोन मंगळवार त्याने त्यांना हसवण्यातच घालवले. "मॅडम, तुमचं काम बेस. बसल्या जागी लोकांचं ओझं उतरवायचं, आणि पट्टा तुटायची भीती नाही." बाई मनापासून हसल्या आणि मग म्हणाल्या, "झोप किती लागते?" गडी घड्याळाकडे बघायला लागला.

तिसऱ्या मंगळवारपासून त्या त्याला तो दिवस पहिल्यापासून सांगायला लावू लागल्या. डोळे मिटून, जसा काही आत्ता घडतोय तसा. मास्तर सांगायचा. हुक आला, पट्टे ताणले, स्लॅब उचलला, भिंतीवरून पलीकडे नेला, खाली घ्यायला लागलो. मग एकदम, "माणसं धावत आली." दर वेळी हेच. सहाव्या मंगळवारी बाई शांतपणे म्हणाल्या, "यातलं मधलं अर्धं मिनिट तुम्ही दर खेपेला वगळताय."

त्या दिवशी तो तडक उठून गेला. दोन मंगळवार फिरकलाच नाही. बाईंनी फोन करून एवढंच सांगितलं की चारची वेळ तुमच्यासाठी ठेवलेली आहे. नवव्या मंगळवारी तो आला, बसला आणि डोळे न मिटताच म्हणाला, "दिसलं होतं मला."

बांधकामावर एक नियम असतो. बाकीचे इशारे सिग्नल देणाऱ्यानेच द्यायचे, पण 'थांब' कुणीही म्हणू शकतो. दोन्ही हात आडवे पसरले की काम थांबलंच पाहिजे, कारण मागाहून विचारायचं. मेहुणा भारी वात्रट. दर दोन दिवसांनी माल हवेत असताना हात पसरायचा, मास्तर घाबरून क्रेन थांबवायचा, आणि हा हात खाली घेऊन म्हणायचा, "भाऊजी, चहाची वेळ झाली." सगळे खो खो हसायचे. आदल्याच दिवशी मास्तरने त्याला चारचौघांत सुनावलं होतं, "पुन्हा केलंस तर थांबणार नाही."

"आणि तो भिंतीपलीकडे, फक्त मलाच दिसेल असा हात पसरून उभा होता," मास्तर म्हणाला. "पाय सळ्यांत अडकला होता, ते मागाहून कळलं. मी नाही थांबलो, मॅडम."

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचं काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. हाक खोटी समजून घरी बसलेल्या माणसांना पुढे झोप कशी लागली, ते कुणी सांगत नाही.

बाईंनी 'तुमची चूक नाही' असं म्हटलं नाही. घरी सांगू का, या प्रश्नाचंही उत्तर त्यांनी दिलं नाही. "ते तुमचं तुम्ही ठरवायचं. घाईने ठरवू नका, आणि फक्त स्वतःचं ओझं उतरवायला सांगू नका," एवढंच म्हणाल्या. मास्तरने महिनाभर विचार केला. सांगावं तर 'त्याला कळलंच नाही' हा बायकोचा एकुलता एक आधार जातो. न सांगावं तर तिची माया रोज फुकट खायची. इकडे आड तिकडे विहीर. ती आपल्याला सोडून जाईल, या भीतीने त्याचं काळीज पोखरून निघालं.

एका रविवारी दुपारी ती मटार सोलत बसली होती, तेव्हा त्याने सांगितलं. सगळं, सळ्यांत अडकलेल्या पायासकट.

तिचे हात थांबले नाहीत. सोलता सोलताच तिने विचारलं, "गंमत करताना किती वेळ धरायचा हात?"

"लगेच खाली घ्यायचा."

"आणि त्या दिवशी?"

"खाली घेतलेच नाहीत."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

हे बाईंनीही विचारलं नव्हतं. "राग होता मला," तो म्हणाला. "वाटलं, घाबरू दे जरा. मग कळलं, आणि थांबवायला हात उचलला, तोवर..."

तिने ताटली उचलली आणि आत गेली. त्यानंतर दहा दिवस ती कामापुरतं बोलली. अकराव्या दिवशी म्हणाली, "त्या बाई मला वेळ देतील का? तुमच्याबरोबर नको. माझी मला."

तिला गुरुवारची वेळ मिळाली. मास्तर सोबत गेला आणि बाहेरच्या बाकावर बसला. थोड्या वेळाने आतून तिचं रडणं ऐकू आलं. भाऊ गेल्यापासून ती घरात अशी कधी रडली नव्हती, नवऱ्याला त्रास नको म्हणून. बंद दारातूनही त्यातलं सगळं कळत होतं. बाकावर शेजारी बसलेली एक बाई त्याच्याकडे बघायला लागली. मास्तर उठला नाही, पन्नास मिनिटं तिथंच बसून राहिला.

जिना उतरताना ती म्हणाली, "आत तुमच्याबद्दल फार वाईट बोलले मी."

"बरं केलंस."

"अजून पुष्कळ उरलंय."

"मग येऊ की पुढच्या गुरुवारी," तो म्हणाला. पायरीवर तिचा तोल जरासा गेला. त्याने हात पुढे केला. तो तिने धरला नाही, कठडा धरला, आणि दोघं खाली आले.