नॉर्माचं इंजिन आणि क्रो हिलचा चढ

आमच्या गावात माझी ओळख 'नॉर्माचा नवरा' अशी आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच, की लागोपाठ सहा हिवाळे माझी चांगली धडधाकट गाडी बाहेर रस्त्यावर गारठत उभी राहिली, कारण गॅरेजमध्ये हिनं दुसरा संसार मांडला होता.

माझी बायको, नॉर्मा फेअरक्लफ, हिनं सगळी उमर गावची बस चालवली. निवृत्त झाली तेव्हा डेपोतल्या लोकांनी तिला घड्याळ दिलं. ते तिनं कपाटात टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात ट्रकमधून एक लोखंडी सांगाडा उतरला. त्याच्यामागून फायबरची सांगाड्याएवढीच मोठी हिरवी बॉडी. साठच्या दशकात शर्यतीत धावायच्या तसल्या, छत नसलेल्या, दोघंच बसतील अशा गाडीची हुबेहूब नक्कल. खरी गाडी घ्यायची तर आमची आख्खी गल्ली विकावी लागली असती. म्हणून इकडची माणसं ती घरी बांधतात.

"बांधून झाल्यावर करणार काय तिचं?" मी विचारलं.

"चालवणार. तू काय लोणचं घालणार होतास?"

गाड्या बांधणाऱ्यांचा आमच्याकडे एक क्लब आहे. दर गुरुवारी ही मंडळी वीव्हर्स नावाच्या पबमध्ये जमतात आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. त्यांत क्लाइव्ह एन्टविसल म्हणजे मोठं प्रस्थ, कारण त्याच्या चार गाड्या बांधून झाल्या होत्या. बाकी काय वाटेल ते घरी करा, पण इंजिन मात्र तयारच घ्यायचं, असा त्या मंडळींचा रिवाज. नॉर्मानं भंगारातून जुनं इंजिन उचललं आणि ते स्वतः नव्यानं बांधायला काढलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तो सबंध हिवाळा मी बशी मांडीवर घेऊन जेवलो.

"नॉर्मा, इंजिन माझ्याकडे दे," क्लाइव्ह म्हणाला. "इंजिन बांधणं म्हणजे बसचं तिकीट फाडणं नव्हे."

"तिकिटाचं तू बोलूच नकोस, क्लाइव्ह. माझ्या बसमध्ये तू एकदा तरी धड तिकीट काढलंस का?"

सगळा पब हसला. क्लाइव्हही हसला. माणूस वाईट नाही, फक्त त्याला सगळं आधीपासून ठाऊक असतं.

इंजिन पुरं होत आलं तेव्हा नॉर्माच्या अंगठ्यांनी दगा दिला. संधिवात. आधी बरणीची झाकणं उघडेनात, मग बारीक नट धरता येईनात. शेवटचे काही तिनं दातओठ खात लावले. मी मदतीला हात पुढे केला तर फटकन म्हणाली, "लांब हो." डॉक्टरनं सांगितलं, हे आता वाढतच जाणार. त्या संध्याकाळी इंजिनावर जुनी चादर टाकताना ती मला म्हणाली, "विल्फ, हे मला एकदाच बांधता आलं. परत उघडायची वेळ आली तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं होईल. मग मी त्यात बसेन कशाला? बस काय, कुणाचीही चालवता येते."

एवढं बोलून ती भांडी घासायला लागली. मी मात्र त्या दिवसापासून धास्तावलो होतो.

सरकारी तपासणीत गाडी पहिल्यांदा नापास झाली, आरशाची कड धारदार होती म्हणून. दुसऱ्यांदा पास झाली, नंबर मिळाला. पहिल्या फेरीला आमच्याकडे एक प्रथा आहे. नव्या गाडीच्या मागून क्लबचा एक माणूस बादली घेऊन जातो आणि गाडीतून जे जे गळून पडेल ते उचलतो. मग पबमध्ये सगळ्यांना बिअर पाजून मालकानं आपले भाग सोडवून घ्यायचे. बादली क्लाइव्हकडे होती. तो बिचारा आशेनं मागून आला. बादलीत एक रबराची चकती पडली, बस्स. नॉर्मानं ती अर्ध्या ग्लास बिअरवर सोडवली.

इथपर्यंत सगळं झोकात होतं. घोळ पुढे झाला.

नवं इंजिन आधी रुळवावं लागतं. निदान काही शे मैल ते जपून, बेतानं चालवायचं. आता ही बाई बस चालवायची तेव्हा म्हाताऱ्या बायका बसायच्या आधी दांडा घट्ट धरायच्या. आणि तीच बाई ही गाडी अशी चालवायला लागली, की जणू मांडीवर अंड्यांची टोपली आहे. रोज सकाळी तळ्याकाठच्या सपाट रस्त्यानं जायचं, एकाच वेगानं, अॅक्सिलरेटरला नुसता पाय टेकवून. एकदा आम्हाला एका सायकलवाल्यानं मागे टाकलं. जाताना त्यानं सभ्यपणे हात केला, त्याचा मला जास्त राग आला.

"जरा दाब की," मी म्हणालो.

"नवी आहे ती. तिला शिकू दे."

तीन आठवडे हे असं चाललं. आणि एका गुरुवारी वीव्हर्सच्या दारात गाडी सुरू करताच मागून निळा धूर निघाला. थोडाथोडका नाही, आतली माणसं ग्लास हातात घेऊन बाहेर आली. क्लाइव्हनं मागच्या धुराच्या नळीत बोट घातलं, बाहेर काढलं. काळं, तेलानं चपचपीत.

"तेल जळतंय," तो म्हणाला. "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल, नॉर्मा. सोमवारी आण माझ्याकडे. मी नीट करून देतो, काळजी करू नकोस."

त्यानं चिडवलं असतं तर बरं झालं असतं. पण तो मायेनं बोलला. नॉर्मानं नुसता गिअर टाकला. घरापर्यंत आम्ही धूर सोडत आलो.

शनिवारी ती स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली. चहाचा कप समोर तसाच. मी दुसरा करून दिला, तोही निवला. मग एकाएकी म्हणाली, "विल्फ, डेपोत नवीन इंजिनाची बस आली की आधी कुठे पाठवायचे रे?"

"मला काय माहीत? मी पोस्टात होतो."

"क्रो हिलवर. ठासून भरलेली, बाजाराच्या दिवशी. नव्या इंजिनाला पहिल्या दिवसापासून चढ दाखवायचे. त्यातलं एकही कधी धुरावलं नाही." ती उठून उभी राहिली. "रिंगा गेलेल्या नाहीत. त्या बसल्याच नाहीत. जोर पडल्याशिवाय रिंगा सिलिंडरला घासून चपखल बसत नाहीत, आणि मी जोर पडूच दिला नाही. लाडावून ठेवलं मी तिला. आयुष्यभर बस हाणली आणि स्वतःची गाडी आली तर आजीबाई झाले."

"आणि खरंच गेल्या असतील तर?"

"तर चढावर निकाल लागेल. मग सोमवारी क्लाइव्हकडे खोक्यात भरून नेऊ. पण जे होईल ते माझ्या हातून होईल."

रविवारी सकाळी आम्ही क्रो हिलच्या पायथ्याशी गेलो. सरळ आभाळात जाणारा रस्ता, दोन्हीकडे दगडी कुंपणं आणि मेंढ्या. नॉर्मानं तिसरा गिअर टाकला, इंजिनाला जोर लावावा लागेल म्हणून वेग मुद्दाम कमी ठेवला आणि पाय पार खालपर्यंत दाबला. गाडी हंबरली. मागे एवढा धूर की गाव दिसेनासं झालं. वर गेल्यावर पाय सोडला, परत दाबला. वरून खाली, खालून वर. मी दरवाजा धरून काहीबाही ओरडत होतो.

"गप बस ना. मला ऐकू येत नाहीये."

मी गप्प बसलो. तिचा चेहरा बघितला आणि माझी भीती गेली. बसच्या आरशात दिसायचा तोच चेहरा. आपण कुठे चाललोय हे पक्कं माहीत असलेल्या बाईचा. चौथ्या की पाचव्या चढाला मी मागे वळून बघितलं तर धूर विरळ झालेला. आणखी दोनदा वरखाली केलं, तेव्हा मागे नुसता रस्ता होता, मेंढ्यांसकट.

माथ्यावर तिनं गाडी थांबवली. उतरली, नळी जराशी निवू दिली आणि आत बोट घातलं. बोट करड्या रंगाचं, कोरडं. ती ते बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या नाकासमोर धरलं.

"बघ."

"बघतोय."

"आता उतर."

"का म्हणून?"

"तू ओरडतोस. मला एकटीला तिला ऐकायचंय. एकदा खाली जाऊन येते."

मी उतरलो. वारा असा होता की टोपी हातात धरावी लागली. गाडी खाली गेली, पायथ्याला वळली, आणि मग तो आवाज वर यायला लागला. भरलेला, एकसंध, कुठेही अडखळण नाही. मी तिथे एकटाच उभा होतो म्हणून सांगतो, माझे डोळे भरून आले. ती माथ्यावर आली. मी हात वर केला. तिनं वेग कमी केला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. समोर बघत, हसत, ती शेजारून निघून गेली आणि पलीकडच्या उतारावर दिसेनाशी झाली.

थोडा वेळ वाट बघितली. मग मी चालायला लागलो.

अर्ध्या वाटेवर क्लाइव्हची व्हॅन वर येताना भेटली. आम्हाला क्रो हिलकडे जाताना कुणीतरी बघितलं होतं. शेजारच्या सीटवर त्यानं गाडी ओढायचा दोर तयार ठेवला होता.

"गाडी बंद पडली का रे?"

"नाही."

"मग तू पायी का? नॉर्मा कुठाय?"

मी डोंगराकडे बोट केलं. क्लाइव्हनं व्हॅन बंद केली. पार लांबून, पलीकडच्या दरीतून, तो आवाज येत होता. क्लाइव्ह मान तिरकी करून ऐकत राहिला, आणि त्यानं हळूच दोर उचलून मागच्या बाजूला टाकला.

"तुला इथेच सोडून गेली?"

"विसरली मला," मी म्हणालो. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण एवढ्या आनंदानं मी दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.