मागाच्या भिंतीचं घर

घासाघीस करण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणत आणि मलाही ते ऐकायला आवडायचं. शनिवारच्या बाजारात पावशेर वांगी घ्यायची झाली तरी मी दोनदा पाठ फिरवून चालायला लागायचो.

बेळगावच्या वडगावातलं घर मी तसंच घेतलं. उचगाव सोडून नोकरीसाठी बेळगावात आलो, लग्न झालं, पुढं गावाकडं एकट्या पडलेल्या आईलाही आणलं. तिघंही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. स्वतःचं घर हवं होतं आणि ऐपत बेताची होती.

घर तसं चांगलं होतं. पुढं सोपा, मध्ये स्वयंपाकघर, मागं न्हाणी. पण न्हाणीची भिंत शेजारच्या मागांच्या खोलीला लागून होती. विजेवरचे सहा माग सकाळी सातला सुरू व्हायचे ते अंधार पडेपर्यंत धडधडत राहायचे. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. विकणारा म्हातारा विणकर त्यावर काही बोलत नव्हता, म्हणून मी नेमकं तेच धरलं.

"अण्णा, ह्या आवाजात माणूस ऱ्हातंय व्हय?"

"आमी जन्म काढलाय की हितं."

"म्हणूनच तुमचं कान गेल्यात."

बायको ओशाळून बाहेर गेली. म्हाताऱ्यानं किंमत उतरवली. तीन वेळा मी त्या घरी गेलो, तिन्ही वेळा भिंतीवर तळहात ठेवून तिची थरथर त्याला दाखवली आणि तिन्ही वेळा तो खाली आला. बायकोला ते घर नकोच होतं. आईनंच तिची समजूत घातली, "सवय हुतीया गं. केवढं पैसं वाचल्यात बघ की."

त्या वाचलेल्या पैशांतून मी न्हाणीत नवी फरशी बसवली. चांगली चकचकीत.

आईचा आवाज मोठा. गावाकडं तिनं बांधावरून हाक मारली की तिसऱ्या शेतातला माणूस मान वर करायचा. वडगावात तीच हाक स्वयंपाकघरापर्यंतही पोचेना. मी चेष्टेनं म्हणायचो, "आई, तुझा आवाज मागानं गिळला बघ." ती म्हणायची, "बरं झालं की. सुनंची सुटका झाली."

गेल्या वर्षी एका सकाळी ती न्हाणीत घसरून पडली. मी ऑफिसात होतो. बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, न्हाणीच्या दारापासून दहा पावलांवर. आई आंघोळीला वेळ लावायचीच, त्यामुळे बायकोला काही वेगळं वाटलं नाही. अकराच्या सुमाराला वीज गेली. माग एकदम थांबले आणि न्हाणीकडून बारीक आवाज आला. आईचा घसा इतका बसला होता, की बायकोला आधी मांजर वाटलं.

खुबा मोडला होता. दीड तास ती ओल्या फरशीवर पडून होती. दवाखान्यात मला म्हणाली, "लई हाका मारल्या रं. तुला बी मारली. तू घरात न्हाईस ठावं हुतं, तरी मारली." रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पडून पडून छातीत कफ भरला आणि पंधराव्या दिवशी ती गेली.

लोक म्हणाले, वय झालं होतं. बायको अजून स्वतःलाच बोल लावते. मी तिला म्हणतो, तुझा काय दोष? आणि म्हणताना मला लाज वाटते, कारण दोष कुणाचा ते मला पक्कं ठाऊक आहे. हा आवाज मला माहीत नव्हता असं नाही. त्याचेच तर पैसे मी कमी करून घेतले होते.

बाराव्यानंतर एका सकाळी मी न्हाणीत गेलो आणि दार लावून घेतलं. पलीकडं माग चालू होते. आई पडली होती तिथंच खाली बसलो आणि बायकोला हाक मारली. मग पुन्हा मारली. घसा खरवडून निघेपर्यंत मारत राहिलो.

दार उघडून बाहेर आलो. बायको पाठमोरी बसून भाकरी थापत होती.