रमजानला रमजान लावून

माझे अब्बा देगलूरच्या एका कपड्यांच्या दुकानात काउंटरमागे उभे असतात. मला आठवतं तेव्हापासून. लहानपणी फोन केला की त्यांचं एकच उत्तर असायचं, "गिराक खड़े हैं बेटा, बाद में बोल." मला भयंकर राग यायचा.

त्याच दुकानाच्या मालकांच्या नांदेडच्या ऑफिसात मी विक्रीचा डेटा क्यूब सांभाळते. क्यूब म्हणजे काही जादू नव्हे. दुकान, माल, दिवस अशा बाजूंनी बेरजा आधीच करून ठेवायच्या, म्हणजे विचारलं की उत्तर तयार. या बाजूंनाच आम्ही डायमेन्शन म्हणतो.

मालकांच्या लातूरच्या भागीदारांना मात्र जगातल्या सगळ्या बाजू हव्या होत्या. रंग, साइज, बिलाची वेळ, काय वाटेल ते. कोंबता कोंबता क्यूब इतका फुगला की साधा प्रश्न विचारला तरी स्क्रीनवरचं चक्र फिरत राहायचं.

गेल्या खेपेला ईद एप्रिलमध्ये होती, यंदा मार्चमध्येच उरकली. भागीदारांनी गेल्या एप्रिलला यंदाचा एप्रिल लावून पाहिला आणि सांगून टाकलं, देगलूरचं दुकान बसलं, बंद करा.  या वयात अब्बांना दुसरीकडे कोण ठेवणार?

मालक वैतागले. "अहो, ईद होऊन गेली की! एप्रिल काय लावून राहिलात? पोरी, रमजानला रमजान लावून दाखव ह्यांना."

मी क्यूबला विचारलं. चक्र फिरत राहिलं. रमजान क्यूबला ठाऊकच नव्हता. तो एकेक बिल उघडून तारखा जुळवत बसला होता. भागीदार उठले. "सोमवारी बघू. आकडा दिसला न्हाई तर विषय संपला."

मग मी कुणाला न विचारता कात्री लावली. रंग, साइज, बिलाची वेळ क्यूबबाहेर साध्या तक्त्यात टाकली. कधीमधी कुणी विचारलंच तर थांबेल घटकाभर. दिवसांच्या डायमेन्शनमध्ये प्रत्येक तारखेपुढे तिचा हंगाम लिहिला: रमजान, लग्नसराई, दिवाळी, नाहीतर साधा दिवस. बेरजाही हंगामवार करून ठेवल्या. आमच्या बाजारात धंदा असाच मोजतात, कॅलेंडर भिंतीवर नुसतं टांगलेलं असतं.

सोमवारी मालकांनी स्वतः बटण दाबलं. चक्र फिरलंच नाही. दोन रमजान शेजारी शेजारी आले आणि देगलूरचा यंदाचा वरचढ निघाला. भागीदारांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हाव, मग चालू द्या," ते म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की हातातला चहा गार झाला तरी प्यायचं सुचलं नाही.

जिन्यात येऊन अब्बांना फोन लावला. त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मी 'अब्बा' म्हणते न म्हणते तोच ते घाईघाईत म्हणाले, "गिराक खड़े हैं बेटा, बाद में बोल," आणि फोन कट. मी पायरीवर बसले आणि डोळे पुसत एकटीच हसत राहिले.