मेहुण्याने कबूल केलेली चूक

जगात चुका होतात आणि त्या नेहमी दुसऱ्याकडून होतात, यावर माझ्या मेहुण्याइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस मी पाहिलेला नाही. एकदा त्याने आमच्याकडे चहा केला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. आमची तोंडं वाकडी झाली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "चूक डब्याची आहे. मिठाच्या डब्याने मिठाचा असल्यासारखं दिसायला नको?" एका लग्नाला तो दुसऱ्या दिवशी पोचला आणि पत्रिकेची छपाई कशी चुकीची आहे हे नवरीच्या वडिलांना समजावून, उरलेले लाडू बांधून घेऊन परतला. त्याला जाऊन आता चार महिने झाले. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून रोज बसतो आणि दोन वाक्यांवर थांबतो.

मी भोईवाड्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकांच्या देवघेवीचा आमचा प्रोग्राम फार वर्षांपूर्वी मेहुण्यानेच लिहिला होता. ज्या कॉम्प्युटरवर तो चालायचा त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा तोच प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालावा म्हणून जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत नव्याने लिहायचं ठरलं. ते काम अर्थातच त्याच्याकडे गेलं. "भावोजी, तुमच्या बोटांना नवीन काही शिकावं लागणार नाही," असं वचन त्याने मला दिलं. जुन्यात जे बटण जे करायचं, तेच नव्यातही करणार. पहिल्याच दिवशी वाचनालयाच्या समितीच्या अध्यक्षांसमोर मी पुस्तक जमा करायला सवयीने एफ फाइव्ह दाबलं आणि पडद्यावरची अख्खी नोंद पुसली गेली. मेहुणा मात्र खुर्चीत रेलून म्हणाला, "हे बटण ब्राउझरला स्वतःच्या बापाचं वाटतं. दाबलं की पान नव्याने उघडतो मेला. चूक त्याची." दोन दिवसांत त्याने ब्राउझरला ते बटण विसरायला लावलं.

त्याची शिकवण्याची पद्धत तर छातीत धडकी भरवणारी होती. नव्या प्रोग्राममध्ये एका बटणावर क्लिक केलं की त्याच्या भोवतालचं भलतंच काहीतरी जागं होत होतं. असं का, म्हणून मी एका दुपारी त्याच्या काळाचौकीच्या खोलीवर विचारलं. त्याने काही न बोलता फळीवरचा मोठा टोप उचलला आणि धाडकन जमिनीवर टाकला. मी जागच्या जागी उडालो. शेजारीण दारात आली, मग गॅलरी गोळा झाली, मग खालच्या मजल्यावरून एकजण पाण्याची बादली घेऊन धावत आला. "बघितलंत?" मेहुणा आनंदाने म्हणाला. "आवाज खोलीत झाला, पण वर चढत चढत चाळभर गेला. ब्राउझरमध्ये क्लिकपण असंच वर चढतं. वाटेत जो ऐकतो तो धावतो." मग त्याने टोप पुन्हा टाकला. या वेळी माझ्या सासूबाई आधीच उंबऱ्यात उभ्या राहून ओरडल्या, "काय एक झाला नाय गो, टोप पडलो!" कुणी आलं नाही. "आणि तो असा मधेच अडवायचा," मेहुणा आईकडे बोट दाखवून म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "तिसऱ्यांदा टाकलंस तर टोप तुझ्या डोक्यात घालीन."

प्रोग्राममधली चूक शोधताना तो कधीच पडद्याकडे पाहायचा नाही. चणे खात माझ्या मागे बसायचा आणि माझी बोटं पाहायचा. "पडदा थापा मारतो, भावोजी. बोटं मारत नाहीत." बटण दाबणं ही एक घटना आणि ते सोडणं ही दुसरी, हे त्याने मला शेजाऱ्यांच्या बेल वाजवून पटवलं: दाबली की 'टिंग', सोडली की 'टाँग'. पाच दारं उघडली आणि पाचही घरांची मी हात जोडून माफी मागितली. त्याने नाही.

मग ते तिप्पट नोंदींचं प्रकरण सुरू झालं. सभासद एक पुस्तक न्यायचा आणि त्याच्या नावावर तीन चढायची. एक निवृत्त शिक्षिका माझ्यावर कडाडल्या, "एक पुस्तक वाचून होत नाही माझं, आणि तीन नेली म्हणता?" कधी व्हायचं, कधी नाही. अध्यक्षांनी बैठक लावली. त्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण वय सगळ्यांचं होतं. काउंटर दुसऱ्या कुणाकडे देऊ." बायको गेल्यापासून माझा दिवस त्या काउंटरवर उगवतो आणि तिथेच मावळतो.

बैठकीच्या आदल्या दिवशी मेहुणा दुपारभर माझ्या मागे बसला. चण्यांची पुडी त्याने उघडलीसुद्धा नाही. जाताना फक्त म्हणाला, "चला, येतो." दुसऱ्या दिवशी समितीसमोर तो उभा राहिला आणि म्हणाला, "चूक माझी आहे. प्रोग्राम मी चुकीचा लिहिला. भावोजींचा काही संबंध नाही."

अध्यक्षांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्याच्या घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. त्या बैठकीनंतर नोंदी सरळ होऊ लागल्या. काउंटर माझ्याकडेच राहिलं.

तो गेल्यावर त्याच्या मुलीने प्रोग्रामची देखभाल अंगावर घेतली. गेल्या आठवड्यात ती वाचनालयात येऊन एकेक ओळ तपासत होती. बाबा प्रोग्रामच्या ओळींमध्ये मराठीत टिपा लिहून ठेवायचे म्हणून हसत होती, मोठ्याने वाचून दाखवत होती. एकदम गप्प झाली. "काय गं?" मी विचारलं. "काही नाही, काका," ती म्हणाली, पण तिला लपवता येत नाही. तेवढं ती बापावर गेलेली नाही. मी वाकून वाचलं.

"बटण दाबून धरलं तर ब्राउझर तेच पुन्हा पुन्हा मोजतो. पहिलंच धरायचं, बाकी सोडून द्यायचं. भावोजींचा हात थरथरतो, बटण लवकर सुटत नाही. त्यांना सांगायचं नाही."

तो गेल्याचा फोन आला तेव्हाही मी इतका हादरलो नव्हतो. हात मी टेबलाखाली घेतला. ती म्हणाली, "काका, टीप काढून टाकू? प्रोग्रामला काही फरक पडत नाही." मी म्हटलं, "असू दे."

आता सभासदाला पुस्तक देताना मी बटण जरा जास्तच वेळ दाबून धरतो. नोंद एकदाच होते.