कात्री पूजेला बसली तेव्हा

आमचं घर शिवणाऱ्यांचं. आजोबांच्या वेळेपर्यंत आमची माणसं म्हैसुरात कापड रंगवायची. मग तो धंदा बसला आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देवराज मोहल्ल्यात शिवणयंत्र टाकलं. पुढे दुकान, मागे आम्ही. अप्पा आणि माझा थोरला भाऊ अण्णा कापायचे-शिवायचे, आई काजं-बटणं करायची, आणि मी सातवीत असून ब्लाउजला हुक लावण्यात कुणाला हार जात नव्हते. भातात खडा लागला तर आम्ही गुमान गिळायचो, पण टीप वाकडी गेली की घरात सुतक.

अशा घरात अण्णाची बायको म्हणून आली ती सांगलीकडच्या एका मास्तरांची मुलगी. आमच्यासारखी कानडीमिश्रित नाही, स्वच्छ मराठी बोलायची, पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि सुई हातात घेतली की तिला घाम फुटायचा. लग्नाआधी कुणी विचारलंच नव्हतं. मुलीला शिवता येतं का, हे विचारणं म्हणजे आमच्या लेखी तिला श्वास घेता येतो का असं विचारण्यासारखं होतं.

वहिनी रोज दुपारी आईशेजारी बसून पायजम्यांना हातानं टाके घालायची. संध्याकाळी आई ते टाके काढायची आणि पुन्हा घालायची. एक शब्द न बोलता. आईच्या मनात काळंबेरं नव्हतं, वाकडा टाका तिच्यानं बघवत नसे एवढंच. पण वहिनीला हे कळावं कसं? मला आईचा राग यायचा आणि अण्णाचा त्याहून जास्त. तो सगळं बघायचा आणि मान खाली घालून पायडल मारत राहायचा.

लग्नाला वर्ष होत आलं आणि दसरा आला. तिचे वडील हत्तीवरची मिरवणूक बघायला येणार होते. आदल्या दिवशी सकाळी नळावर पाणी भरताना वहिनी मला म्हणाली, "मी बाबांबरोबर जाणार आहे. परत येणार नाही. कुणाला सांगू नकोस."

"आई काही बोलली काय तुला?"

"बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. या घरात माझ्या हातांना कामच नाही."

मला हुंदका आला. मी तो कळशीबरोबर आत नेला.

तो दिवस आयुधपूजेचा. राजवाड्यात तलवारी, रस्त्यावर बसगाड्या आणि सायकली, आणि आमच्याकडे यंत्र, कात्र्या, सुया, टेप, इस्त्री, असं सगळं पूजेला बसतं. कुंकू लागलं, झेंडूची माळ पडली की दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आणि हात रिकामे राहिले की आमची माणसं बिथरतात. अप्पा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कॉलरींना नावं ठेवत होते. आई तेच ते डबे पुन्हा पुसत होती.

वहिनीचं सामान ट्रंकेत मावत नव्हतं, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. दुपारी तिनं माझा आखूड झालेला लंगा मागून घेतला. लंगा म्हणजे आमच्याकडे मुली घालतात तो घेरदार परकर. खालचा काठ तिनं दातानं तोडला आणि कडेनं चार बोटं रुंद, वीतभर लांब पट्ट्या लोंबत राहतील अशा फाडत गेली. मग पुढची पट्टी आणि मागची पट्टी यांची गाठ, पुन्हा पुढची-मागची, पुन्हा गाठ. तळ बंद झाला. वर कमरेची नाडी होतीच. ती ओढली की तोंड बंद. सुई नाही, कात्री नाही, पिशवी तयार.

अप्पा वळून बघत होते. "दात पण हत्यारच की गं," ते म्हणाले. "कुंकू लावायचं राहिलं बघ."

खांद्याला लावायच्या पट्ट्यासाठी तिनं आईची एक विटलेली सुती साडी घेतली, लांब फाडली, तीन पदर खिडकीच्या गजाला बांधले आणि वेणी घालायला बसली. "आमच्याकडे गाय होती," ती म्हणाली. "जुन्या लुगड्यांची दावी आम्ही घरीच वळायचो."

आईला राहवेना. "सुम्ने नुसती बसून काय करू? दे इकडं, एक वेणी मी घालते."

मग कोण थांबतो? अण्णा माझ्या जुन्या बांगड्यांवर रंगीत चिंध्या गुंडाळायला लागला, टोक आत खोचून. अप्पांनी माझ्या केसांसाठी पट्टा वळायला घेतला, तो म्हशीला शोभला असता. वहिनी खळखळून हसली. तिला तसं हसताना मी त्या घरात पहिल्यांदा पाहत होते.

आईची वेणी सैल पडत होती. मी मनात म्हटलं, आता वहिनी ती सोडणार आणि स्वतः घालणार, बरं होईल. पण वहिनीनं तसं केलं नाही. तिनं आईच्या हातांवर आपले हात ठेवले आणि म्हणाली, "आई, प्रत्येक वळणाला थोडा पीळ द्या. असा." आई वेणीकडे बघायचं सोडून त्या हातांकडेच बघत राहिली.

"एवढी मोठी पिशवी कशाला गं?" अप्पांनी विचारलं. "बाजाराला?"

"नाही," वहिनी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "उद्या बाबा येतायत. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे."

"किती दिवस?" आईनं विचारलं.

वहिनी वेणीला पीळ देत राहिली. अण्णाच्या हातातली बांगडी खाली पडून घरंगळत गेली, ती त्यानं उचलली नाही. सगळ्यांना कळलं.

"मला तोंडानं सांगायला जमत नाही गं," आई म्हणाली. "हातच चालतात माझे. तुझे टाके काढत होते, तेव्हा तुला काय वाटत असेल, हे मनातच आलं नाही बघ."

अण्णाला अखेर वाचा फुटली. "मी बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला. एवढंच. पण त्यानं ते सगळ्यांसमोर म्हटलं.

आईनं साडीचा उरलेला तुकडा ओढला, काठ दातानं तोडला, टर्रकन एक लांब पट्टी फाडली आणि वहिनीपुढे धरली.

"तीन पदर पुरायचे नाहीत. चार घे," ती म्हणाली. "जाताना हलकं असतंय. माहेराहून येताना ओझं होतंय."

वहिनीनं ती पट्टी हातात घेतली. मग तिनं गजापर्यंत सगळी वेणी सोडली, आणि चार पदर घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली.