अडकित्त्यात खडा

आता फजिती कशाला म्हणतात ते माझ्याकडूनच ऐका! पण चहा घेत ऐका, गार करू नका.

दुष्काळाची वर्षं होती. शहर वेशीबाहेरच्या पडेगावच्याही पुढं पसरत चाललेलं आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. आमच्या प्रयोगशाळेतही टँकरच यायचा. तिथं मी पीएचडीला लटकलेलो. पावाच्या खमिरात जे यीस्ट असतं ना, त्यातलं प्रथिनं कापणारं एक एन्झाइम मला वेगळं काढायचं होतं. त्याची रचना सांगू? अगदी अडकित्ता! दोन पाती, मधे खाच. खाचेत प्रथिन आलं की कटकन तुकडा.

माझा अडकित्ता मात्र दोन महिने काही कापेना. सोमवारी समितीपुढं कापून दाखवायचं, नाहीतर विषय रद्द! मग मी काय केलं? दोष दिला पाण्याला. आणि पाणी भरणारे कोण? शेखमामा, आमचे साठीला टेकलेले अटेंडंट.

"मामा, कुठलं खारं पाणी आणता हो?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"टँकर का है साब. पानी साफ करने की मशीन में से निकाल के देतूं मैं."

"मग बाटल्या नीट धूत नसाल!"

मामांनी बाटल्या पुन्हा धुवायला घेतल्या. मी मात्र हट्टाला पेटलेलो. रविवारी पैठणला घरी गेलो आणि विहिरीच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन एसटीत मांडीवर घेऊन आलो. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं बी तिकीट काढा, लई जागा खातंय!"

सोमवारी सकाळी माझ्या गाइड मॅडमसमोर प्रयोग केला. कापलं? छे!

"पहिल्यापासून सांग," मॅडम म्हणाल्या. "यीस्ट फोडलंस, मग?"

"मग नेहमीसारखं निळ्या झाकणाचं औषध घातलं."

"कशाला?"

"प्रथिनं कापली जाऊ नयेत म्हणून..."

बोलता बोलताच मी कपाळावर हात मारला. आधी मी दुसऱ्याच एका प्रथिनावर काम करायचो. ते वाचवायला पहिल्या पायरीलाच हे औषध घालायची हाताला सवय! औषध जाऊन बसतं नेमकं त्या खाचेत. म्हणजे अडकित्त्यात मीच खडा ठोकला होता आणि वर सुपारी फुटत नाही म्हणून बोंबलत होतो!

मामांची माफी मागितली. खरंच लाज वाटली हो. ते हसले. "पानी बिचारा क्या करिंगा? दवा तुम डाले, बदनाम वो हुआ."

मॅडमनी समितीकडं शब्द टाकून एक आठवडा मिळवला. औषधाविना प्रयोग केला आणि कापलं की, टँकरच्याच पाण्यात! ताठ मानेनं समितीपुढं उभा राहिलो. पहिलाच प्रश्न आला, "मग इतके दिवस का कापत नव्हतं?"

माझ्या तोंडाचा अडकित्ताच अडकून बसला. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेले मामा म्हणाले, "मॅडम, आज दवा साब खुद पी के आए क्या?"